तीन प्रश्नचिन्हं

आमच्या घरात ‘नाही’ हा शब्द फारसा वापरला गेला नाही. त्याच्या जागी ‘बघू’ होतं. सायकल हवी म्हटलं की बाबा म्हणायचे, बघू. शाळेच्या सहलीला जाऊ का? बघू. यंदा गावच्या जत्रेला जायचं का? बघू. बाबांचं ‘बघू’ आलं की विषय संपला, हे मला आणि धाकट्या भावाला शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं. आई होती तोवर ती त्याचं मराठीत भाषांतर करायची. ‘नाही म्हणतायत रे, जा खेळा.’

म्हणून बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तोंडून पहिला शब्द ‘बघू’ असा आला, तेव्हा मला चक्क हसू आलं होतं. म्हटलं, माणूस परत आला. मग हळूहळू लक्षात आलं, तो एकच शब्द परत आलाय. चहा हवा का? बघू. दुखतंय का? बघू. खिडकी लावू? बघू. स्वर बदलायचा, शब्द तोच. डॉक्टर म्हणाले, शब्द आत सगळे शाबूत आहेत, तोंडापर्यंतची वाट बंद झालीय. कधी उघडेल म्हणून विचारलं तर तेही म्हणाले, बघू.

आम्ही लालबागला राहतो. तिसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. मी दादरच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते इथे सांगायचं कारण नाही. मी कामावर असते तेव्हा शेजारच्या वहिनी बाबांकडे बघतात, बाकी सगळं मी. अंघोळ, डायपर, औषधं, भरवणं. हे मी हौसेनं करते असं कुणी म्हणालं तर मी त्याला ते करायला बसवीन.

हॉस्पिटलातून स्ट्रेचरवर वर आणल्यापासून बाबा खाली उतरलेले नाहीत. एकदाच प्रयत्न केला. चाळीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून उचललं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली आणि बाबा ‘बघू, बघू’ करून ओरडायला लागले. थांबायचं, की उतरायचं, की परत वर न्यायचं, चौघांपैकी कुणाला कळेना. कसेबसे वर आणले. त्या दिवसापासून बाबांचं जग म्हणजे पलंग, खिडकी आणि तिच्यातून येणारा समोरच्या गल्लीतल्या मसाल्याचा वास.

भाऊ बंगळूरला असतो. तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दोन बाथरूम आहेत. झटका आला तेव्हा तो आला होता, आठवडाभर राहिला, हॉस्पिटलात रात्री बसला. वाईट नाही तो. तिकडे गेला की मात्र तिकडचा होतो.

आता त्या कॉम्प्युटरकडे येते. बाबा एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. पोट सुटलेला मॉनिटर, खाली पेटीसारखा सीपीयू आणि पिवळट पडत गेलेला कीबोर्ड. त्यात कुणीतरी एक मराठी फॉन्ट टाकून दिला होता. त्याचा फायदा असा की त्यातली अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती, म्हणजे बाबांच्या बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. लालबाग-परळातल्या किती लग्नपत्रिका, गणपती मंडळाचे अहवाल आणि बाराव्याच्या चिठ्ठ्या आमच्या घरात टाइप झाल्या! पुढे लोक मोबाइलवरच सगळं करायला लागले. काम थांबलं. आईनं जुन्या परकराचं कव्हर शिवून ते धूड झाकून टाकलं, आणि त्यावर ती धुतलेले टॉवेल ठेवायला लागली. आई गेल्यावर टॉवेल मी ठेवायला लागले.

एका रविवारी बाबांनी डावा हात उचलला आणि टॉवेलांकडे दाखवायला लागले. ‘बघू.’ मी टॉवेल दिला. ढकलला. दुसरा दिला. तोही ढकलला. ‘बघू, बघू, बघू.’ माझं डोकं फिरलं होतं. शेवटी मी टॉवेलांसकट कॉम्प्युटरचं कव्हर ओढलं तेव्हा ते गप्प झाले.

मी खुर्चीत उशा लावून त्यांना समोर बसवलं आणि बटण दाबलं. आतला पंखा घरघरला आणि मागून इतक्या वर्षांची साठलेली मिरचीची पूड भसकन बाहेर आली. आमच्या गल्लीत ती हवेतच असते. मी शिंकले, बाबा शिंकले, वहिनी दारातून शिंकल्या. मग पडदा उजळला. बाबांनी डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि एकेक अक्षर शोधत, पण अजिबात न चुकता, लिहिलं, ‘पंखा कमी कर.’

छताच्या पंख्याचं म्हणत होते. कितीतरी महिने त्यांना तो पंखा लागत होता आणि मी रोज पाचवर ठेवून कामावर जात होते. मी पंखा कमी केला आणि मोरीत जाऊन रडले. परत आले तर पडद्यावर आणखी एक ओळ होती.

‘धाकट्याला विचार. मला नेतो का.’

मला वाईट वाटलं, हे कबूल करते. महिनोन्महिने उष्टी-खरकटी मी काढायची आणि वाचा फुटल्यावर दुसरंच वाक्य हे? राग आला. रागाच्या खाली सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची मग दिवसभर लाज वाटत राहिली. पण बाबांचं चूक नव्हतं. त्यांना जिना नको होता. त्यांना खाली झाडाखाली बसायचं होतं. हे मी त्यांना देऊ शकत नव्हते, भाऊ देऊ शकत होता.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तुला जड होतंय का? तसं सरळ सांग ना. बाबांच्या नावावर कशाला?”

मी पडद्याचा फोटो काढून पाठवला.

“हे तू टाइप केलंयस,” तो म्हणाला. चिडून नाही, समजूत घातल्यासारखा म्हणाला. ते जास्त लागलं.

मी व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, बघ तुझ्या डोळ्यांनी. पण झटक्यानंतर बाबांना रडू आवरत नाही. मुलाचा चेहरा दिसल्याबरोबर ते ओक्साबोक्शी रडायला लागले, बोट कीबोर्डवर पडेना. “त्यांना त्रास देऊ नकोस गं,” भाऊ म्हणाला आणि त्यानं कॉल ठेवला. नुसता व्हिडिओ काढायला गेले, तरी त्याला दाखवायचाय म्हटलं की बाबांचं तेच.

मोबाइलवर लिहायला शिकवून पाहिलं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. बाबांनी जन्मभर तसंच केलं. मोबाइलला ती नंतर हवी. बाबा आधी वेलांटी दाबायचे, ती बिचारी एकटीच ठिपक्यांच्या गोलाला लोंबकळत राहायची, आणि बाबा मोबाइल पांघरुणावर टाकून द्यायचे. ऑफिसचा लॅपटॉप आणला. त्याच्या कीबोर्डवर त्यांनी बोट ठेवलं, भलतंच अक्षर उमटलं, तोही ढकलला. बाबांची वाचा त्या एकाच पेटाऱ्यात होती. तेव्हा मी ठरवलं की हा पेटाराच इंटरनेटला जोडायचा. बाबा स्वतःच्या बोटानं लिहितील, स्वतः पाठवतील, आणि भावाला ‘तू टाइप केलंयस’ म्हणता येणार नाही.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. इंटरनेटवाला आला, त्यानं मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, ये तो अपने बाप के जमाने का है.”

“बाप का ही है,” मी म्हटलं. “वायर लगाव.”

वायर लागायला जागा होती, हे नशीब. मागे हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बाबांनी तो दिसावा म्हणून मान वाकडी केली. पण आत काहीच उघडेना. कुठल्याही पानावर गेलं की इंग्रजीत एकच तक्रार, तुमची तारीख चुकीची आहे. खरंच होती. मशीनच्या आतला बटणाएवढा सेल मेला होता, त्यामुळे दर वेळी सुरू केलं की ते जुन्याच एका वर्षात जाऊन बसायचं. त्या तारखेला आई जिवंत होती. भाऊ घरात होता. बाबा जिने चढून-उतरून भाजी आणत होते. मी ती तारीख बदलायला जरा वेळ लावला.

सेल दादरला स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. तो घातला, तारीख टिकली. मग नवीन तक्रार, हा ब्राउझर आता चालत नाही. नवा टाकायला गेले तर नवा म्हणतो, हे मशीन चालत नाही. आगीतून उठून फुफाट्यात. वहिनी मला सीपीयूपुढे जमिनीवर बसलेली बघून म्हणाल्या, “कित्याक गो जीव जाळतंस? दी तां भंगारात.” मी म्हटलं, वहिनी, त्यात बाबा आहेत. त्या माझ्यासाठी चहा ठेवायला गेल्या.

शेवटी वाट निघाली ती आमच्या ऑफिसातल्या आळसामुळे. मशीनमध्ये मेल पाठवायचा एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता. हल्लीच्या कुठल्याही मेलशी त्याचं जुळेना. पण आमच्या ऑफिसचं मेल ज्याच्याकडे आहे, तो कंत्राटदार म्हणाला, “तुमच्याकडे अजून जुनी पद्धत चालू आहे मॅडम. बदलायचं राहून गेलंय.” आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या तरी राहून गेलेल्या कामाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटले. माझ्याच ऑफिसच्या पत्त्यावरून मेल जायला लागलं. मी स्वतःलाच इंग्रजीत ‘टेस्ट’ लिहून पाठवलं आणि ते माझ्या मोबाइलवर टुंग करून आलं. बाबा हसले. चेहऱ्याची डावी बाजूच हसते, पण हसले.

मग त्यांनी लिहायला घेतलं. अख्खी दुपार घेतली. मी मुद्दाम बाजूला भाजी निवडत बसले, मध्ये हात घातला नाही. झाल्यावर त्यांनी मला बोलावलं, ‘बघू.’ कचेरीतल्या माणसाचं पत्र होतं ते. ‘चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, मला तुझ्याकडे ने. इथे जिना आहे. ताई थकली. मी त्रास देणार नाही. कळावे. तुझे बाबा.’

‘ताई थकली’ हे दोन शब्द मी पुन्हा वाचले. मी थकलेली आहे हे घरात कुणाला दिसत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी माउस त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवला. पाठवायचं बटण त्यांनीच दाबलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. “ताई, बाबांचं डोकं पण गेलं का गं?”

“म्हणजे?”

“तू बघितलंस का काय पाठवलंय ते? नुसती इंग्रजी अक्षरं. ई, वाय, के, मध्येच प्रश्नचिन्ह, अर्धविराम. पानभर. मला बघवलं नाही. आणि अशा माणसाला मी इकडे आणू? दिवसभर आम्ही दोघं बाहेर असतो.”

मी गॅलरीत उभी होते. पायाखालची लाकडी फळी हलते आमच्या गॅलरीत, तेवढीच हलली असेल, पण मला खाली गेल्यासारखं वाटलं. काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे कळलं. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी म्हणून काही नसतंच. बाबा ज्या ठिकाणी बोट मारतात तिथे मशीनच्या लेखी इंग्रजी ई असतो, फॉन्ट त्याच्यावर म चा मुखवटा चढवतो. ई म्हणजे म, वाय म्हणजे ल, के म्हणजे काना. मला. भावाच्या फोनमध्ये तो मुखवटा नव्हता. आमच्याकडून निघालेलं शुद्ध मराठी पत्र बंगळूरला वेड्याचं बरळणं होऊन पोचलं होतं.

मी भावाला हे समजावलं. मग मीच ते सगळं मोबाइलवर नीट मराठीत उतरवून पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं, आपण पुन्हा तिथेच आलो. बाबांच्या बोटानं लिहिलेलं वाचता येत नव्हतं, आणि वाचता येत होतं ते माझ्या बोटानं लिहिलेलं होतं. मी कपाळाला हात लावला. इतकी निराश मी हॉस्पिटलातही झाले नव्हते. तिथे निदान डॉक्टर होते ज्यांच्यावर चिडता यायचं.

पण एकदा सोडायचं नाही म्हटल्यावर सोडवत नाही. मी ऑफिसात विचारलं, तेव्हा कुणी सांगितलं की जुना फॉन्ट नव्या मराठीत बदलून देणारी पानं इंटरनेटवर असतात. मी भावाला म्हटलं, “माझ्यावर विश्वास नाही ना, ठीक. ते आलेलं बरळणं आहे तसं उचल आणि तूच त्यात टाक. मी मध्ये नाही.”

बाबांचा फॉन्ट फारच जुन्या घराण्यातला निघाला. त्या पानानं जोडाक्षरांची वाट लावली. ‘त्रास’चा भलताच शब्द झाला, ‘कळावे’मधला ळ गायब झाला. पण ‘मला’ आणि ‘ने’ ही अक्षरं सरळ आली. त्यांत जोडाक्षर नाही. आणि ‘पत्रास कारण की’ फुटलं होतं तरी ओळखू आलं.

भावानं फोन केला तेव्हा तो रडत होता. “हे बाबांचंच आहे,” म्हणाला. “पत्रास कारण की. हॉस्टेलवर पैसे पाठवायचे तेव्हा पण असंच लिहायचे.”

“मग?”

“मी बाबांनाच लिहितो,” तो म्हणाला. “डायरेक्ट त्यांना.”

ते मी बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण इतक्या दिवसांत घरात सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी अंघोळ झाली की बाबा डावा हात त्या मशीनकडे करायचे. मी कामावर निघायच्या आधी ते सुरू करून द्यायचे, हिरवा दिवा लागला की बाबा बघायचे, मेल आलंय का. ऑफिसच्या कुणाकुणाची बिलं आलेली असायची. बाबा तीही वाचायचे. एकदा त्यांनी वहिनींकडून कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून घेतला आणि पलंगाच्या कडेला ठेवला. मी परत कपाटात ठेवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पलंगावर. मग मी तो तिथेच राहू दिला. वहिनी म्हणाल्या, “तयारी करताहा गो तो.” मला दिसत होतं ते.

मी भावाला आठवण करून दिली नाही. मनात रोज त्याच्याशी भांडत होते, पण फोन केला नाही. त्यानं स्वतःहून लिहायला हवं होतं. वाटलं, लिहितोय, खोडतोय, बायकोशी बोलतोय, खोल्या मोजतोय. दोघं दिवसभर बाहेर असतात, हे खोटं नव्हतं. माझ्याकडे बाबांना ठेवणं कसं असतं ते मला माहीत आहे, त्यामुळे त्याला ठेवणं जड का जाईल तेही मला माहीत होतं. म्हणूनच जास्त राग येत होता.

आणि एका सकाळी उत्तर आलं.

मी स्वयंपाकघरात बाबांचा भात गाळत होते. मशीन सुरू केलेलं होतं. त्याच मेलवर आल्यामुळे माझ्या मोबाइलवरही ते टुंग झालं. मी ओल्या हातानं उघडलं. एकच शब्द होता.

‘बघू’

किती वेळा लिहून, किती खोडून त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं, मला माहीत नाही. वाईट बोलायचं नव्हतं त्याला. नाही म्हणायला आमच्या घरात कुणी शिकलंच नाही.

बाहेर बाबांनीही ते उघडलं होतं. मी पदराला हात पुसत गेले. त्या जुन्या मशीनला नवं मराठी कळत नाही; ब, घ आणि उकार, एकेकाच्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकतं. पडद्यावर मुलाचं नाव होतं, आणि खाली तीन प्रश्नचिन्हं. बाकी पान कोरं. बाबा डाव्या हाताचं बोट पडद्याला लावून एकेका प्रश्नचिन्हाखालून नेत होते, लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचताना न्यायचे तसं. एकदा नेलं, परत पहिल्यापासून नेलं. शर्ट पलंगावर घडी केलेला होता.

मग त्यांनी कीबोर्ड ओढला आणि त्या तीन चिन्हांचा स्वतःच अर्थ लावून माझ्यासाठी लिहिला. एकेक अक्षर शोधून, न चुकता.

‘नेतो?’

माझ्या तोंडातून काही निघेना. आत सगळे शब्द होते. मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पडद्यावर बोट आपटलं, पुन्हा त्या तिघांखाली, आणि माझ्याकडे वळून रागानं विचारलं, “बघू?”

“हो, बाबा,” मी म्हटलं. “तेच लिहिलंय त्यानं.”